तीन अंश आणि भुरभुर

बर्फातली सायकल फोटोला बरी असते. पांढरा रस्ता, पांढरी झाडं आणि मधोमध लाल टोपीवाला माणूस असा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला की पुण्याहून धडाधड अंगठे येतात, एखादी मावशी ‘जपून गं’ असंही लिहिते. तीन अंश तापमान, राखाडी आभाळ आणि पडतोय की नाही याचा निकाल न लागणारा पाऊस, यांचा फोटो कुणी काढत नाही. नेदरलँड्समधला हिवाळा मात्र बहुतेक असाच असतो. नोव्हेंबरात येतो आणि मार्च संपत आला तरी हलायचं नाव घेत नाही. मी उत्रेख्तमध्ये राहते, शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ऑफिसात सायकलने जाते. बर्फाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती या भुरभुरीबद्दल.

कोरडी थंडी वेगळी आणि ओली थंडी वेगळी, हे नुसते आकडे वाचून पटत नाही. फिनलंडच्या उत्तरेत औलू नावाचं शहर आहे. तिथे उणे पंधरातही शाळकरी पोरं सायकलवरून शाळेत जातात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये तिथेच भरली होती. तिथला बर्फ दाबून घट्ट केलेला, त्यावर चाक नीट धरतं, आणि हवा इतकी कोरडी की अंगावरचा हिमकण झटकला की गेला. आमच्याकडे पारा शून्याच्या अवतीभवती घुटमळतो. दिवसा पाणी, रात्री त्याच पाण्याचा निसरडा थर. शिवाय कपडे भिजले की थंडीचा सगळा हिशेबच बदलतो, कारण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा वीस-पंचवीस पटींनी लवकर ओढून नेतं. त्यात सायकलवाला स्वतःचा वारा स्वतःच तयार करतो. पाच अंशांत ताशी वीस किलोमीटरने निघालात तर अंगाला जेमतेम एक अंश वाटतो; समोरून तेवढाच वारा आला की शून्याच्या खाली. फुटपाथवरून चालणाऱ्या माणसाला हा हिवाळा भेटतच नाही.

सगळा त्रास असतो पहिल्या दहा मिनिटांचा. थंडी लागली की शरीर आधी छातीतल्या-पोटातल्या अवयवांची सोय बघतं आणि हातापायांच्या टोकांकडे जाणारं रक्त आवरून घेतं. बोटं पांढरी पडतात, ब्रेकची मूठ हाताला लागली की नाही तेही कळत नाही. मग मांड्या कामाला लागतात, आतून ऊब यायला लागते, आणि कालव्यावरचा दुसरा पूल ओलांडला की रक्त पुन्हा बोटांत उतरतं. ते उतरणं काही सुखाचं नसतं. नखांच्या मागून अशा कळा येतात की डोळ्यांत पाणी यावं. सिग्नलला शेजारी थांबलेल्या बाईही हातमोजे काढून बोटांवर फुंकर घालत असतात. एकमेकींकडे बघून आम्ही तोंड वाकडं करतो, दिवा हिरवा होतो, सुटतो. त्यानंतर मात्र मजा येते, खरंच येते. पाठ गरम, गाल गार, नाक वाहतंय आणि डोकं लख्ख जागं. हे सुख चार चाकांच्या आत बसून मिळत नाही, कितीही पैसे टाकले तरी.

आईला हे सांगून पाहिलंय.

“अगं, आत काय घातलंयस?”

“लोकरीचा पातळ शर्ट. आणि वर हे जाकीट.”

“बस्स? पाच अंश आहे ना तिकडे?”

“चार.”

“चार! आणि स्वेटर?”

घरातून निघताना थोडं काकडायला झालं तरच कपडे बरोबर, हे आईला पटणं अवघड आहे. निघतानाच छान उबदार वाटलं तर दहा मिनिटांत घाम फुटतो, आतला कपडा ओला होतो, आणि मग सिग्नलला थांबलं की पाठीवरून थंडगार ओघळ. बाहेरून भिजण्यापेक्षा आतून भिजणं वाईट. सुती बनियन तर पाणी धरूनच बसतो. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते. कानटोपीच्या बाबतीत मात्र आईचं शंभर टक्के बरोबर. अठरा अंशांत कानटोपी चढवणाऱ्या पुणेकरांची जी थट्टा होते ती ताबडतोब थांबवावी, असं माझं आता ठाम मत आहे.

पावसाकडे येऊ. इथे वर्षाला साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यात सातशे-साडेसातशे. म्हणजे आकड्यांत फार अंतर नाही. पण पुण्याचा पाऊस चार महिन्यांत आपलं काम उरकून जातो आणि इथला तेवढाच पाऊस बारा महिन्यांचे हप्ते पाडून घेतो. त्यामुळे ‘थांबला की निघू’ या वाक्याला इथे अर्थ नसतो. कुठल्या वीस मिनिटांत कमी आहे एवढंच बघायचं. त्यासाठी ‘बाउएनराडार’ नावाचं ॲप आहे, पावसाचे ढग पुढच्या दोन तासांत कुठून कुठे सरकतील ते नकाशावर दाखवणारं. संध्याकाळी ऑफिसात कुणी खिडकीबाहेर बघत नाही, सगळे फोनमध्ये बघतात. “सव्वापाचला उघडतंय.” “छे, मी आत्ताच सुटतो, पाचला मोठी सर आहे.” बैठका वेळेत संपण्यामागे या देशाच्या शिस्तीइतकाच या ॲपचा हात असावा. देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय आमच्या शेजारच्याच दे बिल्तमध्ये आहे. खातं १८५४ पासूनचं, आणि देशाचं तापमान म्हणून बातम्यांत सांगतात ते बहुधा दे बिल्तचं. आमच्या गारठ्याला असा राष्ट्रीय दर्जा आहे.

भिजू नये म्हणून दोन पंथ आहेत. एक पँट-जाकीटवाल्यांचा, दुसरा पोंचोवाल्यांचा. पँट-जाकिटात पाऊस आत येत नाही पण वाफही बाहेर जात नाही, आणि ती पँट बुटांवरून चढवताना एका पायावर नाचावं लागतं, तेही सायकलतळाच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. पोंचो डोक्यातून घालायचा आणि पुढचं टोक हँडलवर पसरायचं. मांड्या कोरड्या राहतात, खालून हवा खेळते. कोकणात भातलावणीच्या वेळी डोक्यावरून पाठीवर घेतात त्या इरल्याची मला पोंचो बघून आठवण होते. इरलं मात्र बांबूचं नि पानांचं, वाकलेल्या माणसाच्या पाठीवर बसणारं. ते वाऱ्याला दाद देत नाही. पोंचो देतो. बाजूने झोत आला की सायकल थेट कालव्याकडे निघते. म्हणून वारा असेल तर पँट, नसेल तर पोंचो, असं मी ठरवून टाकलंय. खरे डच लोक यातलं काहीच घालत नाहीत. आपण काही साखरेचे नाही, असं म्हणतात, जीन्स आणि लोकरी कोटात निघतात, भिजतात, आणि ऑफिसात आल्यावर मोजे रेडिएटरवर टाकून अनवाणी कॉफी प्यायला जातात. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची रीत तेवढी मला नवी नव्हती. इथे बँका आणि दुकानं आपलं नाव छापलेली सीटकव्हरं फुकट वाटतात. आपल्याकडे स्कूटरच्या सीटवरच्या पिशवीवर मिठाईवाल्याचं नाव असतं, एवढाच फरक.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सायकल स्वतः. या देशात माणसं एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास आणि सायकली दोन कोटींच्या कितीतरी वर. त्यातल्या बऱ्याच काळ्या, जड, ताठ बसायच्या. पुण्यातल्या हौशी सायकलस्वाराला, त्या रविवारी सकाळी चकचकीत कपडे घालून सिंहगडाकडे निघणाऱ्याला, माझी सायकल दाखवली तर तो आधी विचारेल, गिअर कुठेत? पण जरा नीट बघा. चेन पूर्ण बंद पेटीत आहे, तिला रस्त्यावरचं पाणी नि मीठ लागत नाही. मडगार्ड रुंद. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पडदे, कोटाचं टोक अडकू नये म्हणून. ब्रेक उलटं पायडल मारून लागतो आणि तो मागच्या हबच्या पोटात असतो. रिमला घासणारी रबरं ओली झाली की धरत नाहीत, याला पावसाचा पत्ताच लागत नाही. दिव्याचा डायनमो पुढच्या हबमध्ये. शाळेत असताना माझ्या सायकलला टायरवर घासणारा, बाटलीच्या आकाराचा डायनमो होता. तो कोरड्या रस्त्यावर दिमाखात चालायचा आणि पावसात, जेव्हा दिसायला हवं तेव्हाच, सटकायचा. ही काळी सायकल वेगासाठी घडवलेलीच नाही. वाईट हवेसाठी घडवली आहे. थंडीत निघण्याचा निम्मा निर्णय तिने आपल्या वतीने आधीच घेतलेला असतो.

राहिला वारा. ‘सपाट देश, काय अवघड आहे त्यात!’ असं प्रत्येक पाहुणा म्हणतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ताशी वीसने जाताना समोरून वीसचा वारा आला तर विरोध दुप्पट नाही, चौपट. घाट चढताना निदान उतार येणार याची खात्री असते. इथे सकाळी समोरून आलेला वारा संध्याकाळपर्यंत दिशा बदलतो आणि परतीलाही समोरूनच येतो. शास्त्र काहीही म्हणो, माझा अनुभव असा आहे. या वाऱ्याची इथे स्पर्धाही घेतात. झेलंड प्रांतात समुद्राला अडवणारा ओस्टरस्खेल्डेचा प्रचंड बंधारा आहे. त्यावर २०१३ पासून उलट्या वाऱ्यातल्या सायकलिंगची राष्ट्रीय स्पर्धा होते. तारीख आधी ठरत नाही. मोठं वादळ येतंय असं कळलं की दोन-तीन दिवस आधी जाहीर करतात, आणि सगळ्यांना सारखी, साधी, बिनगिअरची सायकल देतात. अंतर साडेआठ किलोमीटर. वादळ आलं की बाकीचे देश घरात बसतात, आणि हे लोक नावनोंदणी करतात!

पण वाऱ्यातलं मला सर्वांत आवडणारं दृश्य शाळेच्या रस्त्यावरचं आहे. सहा-सात वर्षांचं पोर आपल्या छोट्या सायकलवर दात-ओठ खात पायडल मारत असतं आणि शेजारून चालवणारी आई किंवा बाप एका हाताने हँडल धरून दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवून ढकलत असतो. अगदी सहज, गप्पा मारत. आमच्या वेळी पुण्यात लुनावाला मित्र हेच काम पायाने करायचा. सायकलच्या कॅरिअरला बूट टेकवून चढ पार करून द्यायचा. घरी कळलं असतं तर दोघांनाही बदडलं असतं. इथे ते आईबाप करतात, आणि पोलीस बघत असले तरी काही म्हणत नाहीत, कारण शेजारून मोटार जात नसते. सायकलचा लाल रस्ता वेगळा असतो.

डिसेंबरात सूर्य उगवतो पावणेनऊला आणि बऱ्याच शाळा भरतात साडेआठला. म्हणजे मुलं अंधारात निघतात. दिवे लागतातच, कायद्याने ते स्थिर हवेत, लुकलुकणारे चालत नाहीत. चालवताना फोन हातात धरायला १ जुलै २०१९ पासून बंदी आहे. प्राथमिक शाळा संपण्याआधी मुलांची रहदारीची परीक्षा होते, तीही बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष रस्त्यावर. मग बाराव्या वर्षी माध्यमिक शाळेत गेली की खेड्यांतली पोरं टोळीने दहा-दहा किलोमीटर जातात, पावसात, भांडत, गाणी म्हणत, तिघंतिघं एका ओळीत. माझी मुलगी ओल्या केसांनी घरी येते आणि दप्तर टाकते. पाऊस होता का, असं विचारलं तर तिला आठवावं लागतं.

काही दिवशी निघायचं नसतंच. पाऊस जमिनीला लागताक्षणी गोठतो, तेव्हा चाक काय, पाऊलही ठरत नाही. २०१६ च्या जानेवारीत उत्तरेकडे ग्रोनिंगेनच्या बाजूला असा पाऊस पडला की लोक पायात स्केट घालून गल्लीतून हिंडले. ७ फेब्रुवारी २०२१ ला बर्फाचं वादळ आलं, देशभर लाल इशारा लागला, आगगाड्या बंद पडल्या. एरवीच्या गोठणाऱ्या रात्री मात्र मुख्य सायकलमार्गांवर मीठ टाकायला अरुंद गाड्या फिरतात. सकाळी निघते तेव्हा लाल डांबरावर पांढरट ओलावा दिसतो, म्हणजे कुणीतरी येऊन गेलेलं असतं. तरी पुलांवर जपायचं. पुलाला खालूनही गार हवा लागते, तो आधी गोठतो. ओली पानं आणि झेब्रा पट्ट्यांचा रंग या बाकीच्या दोन वैरिणी.

पुण्याची माणसं मला धाडसी समजतात. मला ते ऐकायला आवडतं, म्हणून मी फार वेळ खोडून काढत नाही. पण धाडस कुठे आहे यात? रस्ता वेगळा, त्यावर मीठ टाकलेलं, सायकल पावसासाठी घडवलेली, सर कधी येणार ते खिशात दिसतंय, आणि पोचल्यावर उत्रेख्त स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचा कोरडा तळ आहे. पहिले २४ तास फुकट! (एक पुणेकर म्हणून या गोष्टीचं मला अजून अप्रूप आहे.) ग्रोनिंगेन, रॉटरडॅमला तर काही सिग्नलांना पाऊस ओळखणारे सेन्सर बसवलेत, पाऊस असेल तर सायकलींना लवकर हिरवा मिळावा म्हणून. पावसात सायकलवाला भिजतो आणि मोटारवाला भिजत नाही, एवढी साधी गोष्ट कुणीतरी सरकारी टेबलावर बसून लक्षात घेतली, याचं मला फार वाटतं.

आणि हे सगळं पूर्वापार चालत आलेलं नाही. साठ-सत्तरच्या दशकांत हाही देश मोटारींच्या मागे लागला होता. उत्रेख्तमधला जुना कालव्याचा काही भाग बुजवून त्यावर हमरस्ता केला होता. तिथे पुन्हा पाणी यायला २०२० उजाडलं. १९७१ साली देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक लहान मुलं. विक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगीही अशीच गेली होती. त्यांनी १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यातून ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असं थेट नाव असलेली चळवळ उभी राहिली. लोक रस्त्यांवर आडवे झोपले. पुढच्या वर्षी तेलटंचाई आली, रविवारी मोटारी बंद झाल्या, आणि रिकामा रस्ता कसा दिसतो हे सगळ्यांना एकदम दिसलं. आज ज्या रस्त्याने माझी मुलगी पाऊस विसरून घरी येते, तो आधी कुणीतरी रागावून मागितलेला आहे.

मग पुण्याचं काय, हा प्रश्न येतोच. पुण्याचा डिसेंबर मला माहीत आहे. पहाटे दहा-बारा अंश, दुपारी लख्ख ऊन, पावसाचा थेंब नाही, वारा बेताचा. सायकलला याहून चांगली हवा पृथ्वीवर शोधून सापडायची नाही. आणि सायकली होत्याही. सायकलींचं शहर म्हणूनच पुणं ओळखलं जायचं. कॉलेजांचे सायकल-स्टँड ओसंडून वाहायचे, कोपऱ्याकोपऱ्यावर तासाच्या भाड्याने सायकल मिळायची, डबलसीट धरलं की पोलीस हवा सोडायचा. हवा तीच आहे, सायकली गेल्या. २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास ॲपवरच्या रंगीत सायकली रस्त्यावर आल्या आणि काही काळाने नाहीशा झाल्या. कर्वेनगरात जुन्या सायकलींचं सुरेख संग्रहालय आहे, जरूर बघा. पण सायकलमार्ग म्हणून जे आहेत, त्यांवर भाजीच्या गाड्या, विजेचे डबे आणि उभ्या मोटारी. आई तिकडून विचारते, एवढ्या थंडीत कशी गं चालवतेस? मला तिला विचारावंसं वाटतं, एवढ्या छान हवेत तुम्ही कशी नाही चालवत? विचारत नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे. डिसेंबरात घरी गेले की मीही कोथरूडहून गावात जायला रिक्षाच करते.

गेल्या खेपेला दादाने जिन्याखालची त्याची सायकल माझ्यासाठी पुसून, हवा भरून ठेवली होती. मी ती सोसायटीच्या आत दोन चकरा फिरवली, फाटकापर्यंत नेली, कर्वे रस्त्याकडे जाणारी रहदारी पाहिली आणि परत लावली.

“काय गं,” दादा म्हणाला, “बर्फात चालवतेस ना तू?”

“बर्फ अंगावर येत नाही रे, हॉर्न वाजवत.”

तो हसला. मग माझ्या बॅगेतून बाहेर आलेली ती पावसाळी पँट उचलून त्याने स्वतःच्या कमरेला लावून पाहिली. “ही इथेच ठेवून जा,” म्हणाला. “जूनमध्ये मला स्कूटरवर होईल.”